टपावरचा गारवा

अमेरिकेत चाकांवरच्या घरातून उन्हाळ्यात फिरायचं तर त्या घराचा जीव टपावर असतो. पलंग, शेगडी, बेसिन, इंजिन सगळं खाली. वर दोन बुटके डबे, एक पुढे बैठकीवर, एक मागे झोपायच्या खोलीवर. आमचे दोन्ही एसी १३,५०० बीटीयूचे आहेत. १२,००० बीटीयूचा एक टन धरतात, म्हणजे प्रत्येकी सव्वा टनही नाही. नागपुरात एका बेडरूमला दीड टन लावतात. इथे भिंत जेमतेम दोन इंचांची, समोर भिंतभर काच आणि बाहेर ॲरिझोनातल्या फिनिक्सचा जुलै. २०२३ साली त्या शहरात ३० जूनपासून सलग ३१ दिवस कमाल तापमान ११० फॅरनहाइटच्या, म्हणजे ४३ सेल्सिअसच्या खाली आलं नव्हतं. असल्या उन्हात हे डबे काय करू शकतात आणि त्यांना काय झेपत नाही, हे मी फार आवडीने शिकले. त्या आवडीचं मूळ मात्र ॲरिझोनात नाही.

ते नागपूरच्या इतवारीत आहे. बाबांचं तिथे मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. होळी पेटली की दुकानाबाहेर कूलरच्या मोटारींची आणि पंपांची रांग लागायची. तांब्याच्या तारेला मारलेल्या वार्निशचा वास, वळणं मोजताना पुटपुटणारे बाबा आणि टेबलावर टांगलेला सिरीजचा दिवा. तो दिवा पेटला तर तार धड, नाही पेटला तर तुटली. शाळेतून आल्यावर तो धरायचं काम माझं असायचं.

घरचा कूलर मात्र रविवारी निघायचा. पत्र्याचा तो डबा अंगणात आडवा पाडून आम्ही बहिणी गंज खरवडायचो, बाबा आतून डांबर मारायचे. वाळ्याच्या ताट्या नव्या यायच्या. वरच्या नळीची भोकं सुईने मोकळी करायची, कारण एखादं भोक बुजलं तर ताटीचा तेवढा पट्टा कोरडा राहतो आणि त्यातून गरम झळ आत शिरते. अर्थिंगची तार बाबा स्वतः लावायचे, ते काम कुणावर सोडायचे नाहीत. ओल्या पत्र्याला हात लागून माणसं गेल्याच्या बातम्या दर उन्हाळ्यात यायच्या.

बाबांचा तपासायचा क्रम ठरलेला होता: आधी वारा, मग पाणी, मग वीज. शेजारच्या काकू एकदा तक्रार घेऊन आल्या. नवा कूलर, नव्या ताट्या, टाकी भरलेली, तरी खोलीत नुसता दमटपणा आणि घाम. बाबांनी पेचकससुद्धा बरोबर घेतला नाही. काकूंच्या खोलीत गेले आणि कूलरच्या समोरची खिडकी वीतभर उघडली. पाच मिनिटांत खोलीतला वारा फिरला. कूलर सतत बाहेरची हवा आत ढकलतो, तिला बाहेर पडायला वाट लागते. काकूंनी गारवा जाऊ नये म्हणून सगळं घट्ट लावून घेतलं होतं. यंत्रात काही बिघाड नसताना यंत्र हरतं, हे मी पहिल्यांदा तिथे पाहिलं.

पुढे मुंबईच्या नोकरीत खिडकीतला एसी भेटला. तो ऑफिसचा होता, त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. लग्नानंतर फिनिक्सजवळ आलो आणि जुन्या वस्तीतल्या एका घराच्या छपरावर मला चक्क पत्र्याचा कूलर दिसला. ताट्या वाळ्याच्या नव्हत्या, ॲस्पेनच्या लाकडाच्या भुशागत बारीक काड्यांच्या होत्या, पण पंप, नळी, पंखा सगळं तेच. मेच्या कोरड्या उन्हात तो उत्तम चालतो. जुलैत तिथेही पावसाळी वारे येतात, हवा ओलसर होते आणि कूलर नांगी टाकतो. नागपुरात मृगाच्या सरी पडल्या की कूलरचं जे व्हायचं, अगदी तेच.

कूलर हवेत पाणी घालतो, एसी हवेतलं पाणी काढतो. एसी थंडी तयार करत नाही. आतली उष्णता उचलून बाहेर नेऊन टाकणं एवढंच त्याचं काम. टपावरच्या डब्यात हे फार दाटीवाटीने बसवलेलं असतं: पुढच्या बाजूला थंड कॉइल, मागे गरम कॉइल, कॉम्प्रेसर, आणि मध्ये एकच मोटर. तिचा शाफ्ट दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. एका टोकाचा पंखा खोलीतली हवा थंड कॉइलवरून ओढतो, दुसऱ्या टोकाचा गरम कॉइलची धग बाहेर फेकतो. ही रचना मला अतिशय देखणी वाटते. खाली टपाला चौदा इंची चौकोनी भोक, भोकाभोवती स्पंजाचं जाड गॅस्केट, आणि आतून लावलेले चार लांब बोल्ट. एवढ्यावर तो डबा महामार्गाचा वारा आणि खड्डे सोसत बसलेला असतो.

मुलं शिकायला बाहेर पडल्यावर आम्ही जुनं मोटरहोम घेतलं. पहिल्याच उन्हाळ्यात मागचा एसी अर्धा तास चालायचा, वारा कमी कमी होत जायचा आणि मग कॉम्प्रेसर बंद पडायचा. दुरुस्तीच्या एका मोठ्या दुकानाने पाहिलं न पाहिलं केलं आणि सांगितलं, गॅस गेलाय, अख्खा डबा बदला. या डब्यांना गॅस भरायची तोंडंच बहुधा ठेवलेली नसतात. कारखान्यातून सगळं बंद करून येतं. त्यामुळे ‘गॅस गेला’ म्हटलं की गिऱ्हाईक पुढे बोलत नाही. त्या उत्तराचा मला आजही राग येतो, कारण त्या माणसाने छताची जाळीसुद्धा काढून पाहिली नव्हती.

मी काढली. फिल्टर धुतलेला होता. बॅटरीचा झोत आत टाकला तर थंड हवा जाते तो कप्पा आणि खोलीतली हवा वर ओढली जाते तो कप्पा यांच्यामधली पट्टी एका बाजूला सुटलेली. बोट जाईल एवढी फट. कॉइलवरून गार होऊन निघालेली हवा खोलीत उतरायच्या आधीच त्या फटीतून परत ओढली जात होती. गारच हवा पुन्हा गार करायची म्हटल्यावर कॉइलवर बर्फ धरतो, बर्फाने वाट बुजते, आणि मग थंडीची जाणीव ठेवणारी तार कॉम्प्रेसर बंद करते. यंत्र शहाणपणाने वागत होतं. मी फट ॲल्युमिनियमच्या चिकटपट्टीने बंद केली, कोपरे बोटाने दाबून बसवले. मग दोन थर्मामीटर घेतले: एक हवा आत जाते तिथे, एक अगदी जवळच्या झरोक्यात. फरक वीस फॅरनहाइटच्या आसपास आला. सोळा ते बावीस असेल तर प्रकृती ठणठणीत समजायची.

हे मोजायला लागल्यापासून यंत्राकडून काय मागावं हेही कळलं. बाहेर ४३ सेल्सिअस असताना आत २२ मागणं हा अन्याय आहे. आम्ही सकाळी आठलाच एसी लावतो, समोरच्या काचेवर बाहेरून पडदा चढवतो, ऊन येईल त्या बाजूची कापडी छत्री उघडतो. नागपुरात आई सकाळी नऊला दारं-खिडक्या लावून पडदे ओढायची ती याच हिशेबाने. भिंती, गाद्या, कपाटं एकदा तापली की दुपारभर तीच आतून शेकत राहतात.

विजेचा भाग मात्र इथे आल्यावरच नीट समजला. एका ऑगस्टमध्ये टेक्ससच्या किनारपट्टीवर मोटरहोमच्या एका तळावर मुक्काम होता. दुपारी चार वाजता पुढचा एसी नुसता हुं-हुं करायचा आणि ब्रेकर पडायचा. मी गाडीला वीज देणाऱ्या खांबावरच्या सॉकेटला मीटर लावला: १२०च्या जागी १०३ व्होल्ट. सगळ्या गाड्यांचे एसी एकदम चालू, जुनी वायरिंग, दाब खाली आलेला. दाब उतरला की कॉम्प्रेसर जास्त करंट ओढतो आणि आतून भाजून निघतो. सुरू होताना तर नेहमीच्या कितीतरी पट ओढतो. १०५च्या खाली मी कॉम्प्रेसर चालवत नाही, कितीही उकडलं तरी. पंखा लावून बसलो. रात्री दाब ११८ झाला, तरी हुं-हुं तसंच. म्हणजे आणखी काही होतं.

सकाळी ऊन चढायच्या आत वर गेले. दव पडलेला टप फार निसरडा असतो, म्हणून तो आधी पुसून घेतला. खांबाचा प्लग काढलेला, जनरेटर बंद, इन्व्हर्टर बंद. प्लास्टिकचं झाकण उतरवलं. कपॅसिटर म्हणजे चांदीच्या रंगाचा लंबगोल डबा. त्याचं तोंड किंचित फुगलेलं दिसलं. वीज तोडली तरी त्याच्या पोटात झटका बसेल एवढी शिल्लक असते, म्हणून दोन टोकांमध्ये रेझिस्टर धरून ती आधी उतरवायची, आणि मगच वायरी काढायच्या. कुठली वायर कुठे, याचा फोटो काढून ठेवायचा. अंगावर ४५ मायक्रोफॅरड लिहिलेलं, मीटर २९ दाखवत होता. कॉम्प्रेसरला सुरुवातीचा धक्का देण्याचं बळच त्यात उरलं नव्हतं. उष्णतेने कपॅसिटर असेच झिजतात, आणि यांची जागा तर भर उन्हात तापणाऱ्या झाकणाखाली. नवा काही डॉलरना मिळतो. मी तेव्हापासून एक जादा जवळ बाळगते. शेजारच्या गाडीतल्या आजोबांच्या एसीला तोच आजार असताना पूर्ण डबा बदलायचं बिल आलं होतं. ते कागद दाखवत होते तेव्हा त्यांना काय सांगावं, मला कळेना.

कान लावायला मात्र बाबाच लागले. मागच्या मोटरमधून बारीक किंचाळल्यासारखा आवाज येऊ लागला होता. मी टपावरून नागपूरला व्हिडिओ कॉल लावला. ते तेव्हा ऐंशीच्या पुढचे. त्यांनी चित्राकडे पाहिलंच नाही, फोन कानाला लावला.

“जळका वास येतो का?”

“नाही बाबा.”

“करंट पूर्ण तोड. आता पात्याला हाताने फिरव अन् सोड. लगेच थांबतं का?”

“थोडं अडखळून थांबतं.”

“शाफ्ट धरून वरखाली हलव. खेळ आहे?”

“आहे, थोडा.”

“मग बेअरिंग. वाइंडिंग चांगलं आहे बेटा, त्याला उगाच हात नको लावू.”

इथे बेअरिंग बदलून द्यायला कुणी तयार होईना, सगळे नवी मोटरच विकतात. मी मापं घेऊन बेअरिंग मागवले आणि जुने ओढून काढून नवे बसवले. बाबांनी दुसऱ्या दिवशी पुन्हा आवाज ऐकला, आणि “हं” एवढंच म्हणाले. त्या “हं”चा मला फार आनंद झाला होता.

प्रवासात चालत्या गाडीत हे एसी जनरेटरवर चालतात. कॅलिफोर्नियातल्या बेकर गावात १३४ फूट उंच थर्मामीटर उभा आहे. जवळच्या डेथ व्हॅलीत १९१३ साली नोंदलेल्या १३४ फॅरनहाइटची ती आठवण. तिथून लास व्हेगसकडे निघालं की लांबलचक चढ लागतो आणि एसी बंद करा अशी पाटी येते. ती डॅशबोर्डवरच्या एसीसाठी, कारण तो इंजिनावर ओझं टाकतो आणि रेडिएटर उकळतो. आम्ही तो बंद करतो आणि जनरेटरवर टपावरचा पुढचा एसी चालू ठेवतो. जनरेटरही उंचीवर दमतो, दर हजार फुटांना साधारण साडेतीन टक्के शक्ती कमी. पण एवढ्या उंचीवर बहुधा हवाच गार असते.

राहिलं पाणी. ॲरिझोनात डब्यातून थेंबही गळत नाही, टेक्ससच्या किनाऱ्यावर टपाच्या कडेवरून धार लागते. ती बाहेर पडत असेल तर छान. छताच्या जाळीतून पलंगावर ठिबकू लागली तर मी आधी आकाशाकडे बघते. कोरड्या दिवशी, एसी चालू असतानाच ठिबकलं तर ते हवेतलंच पाणी: कॉइलखालच्या तबकडीची भोकं बुजलीत किंवा गाडी एका अंगाला कललीय. एसी बंद असून पावसानंतर ठिबकलं तर गॅस्केट दबलंय. बोल्ट थोडे आवळून पाहावेत, पण बेताने. जोर लावला तर डब्याची तळपट्टी वाकते आणि गळती कायमची मागे लागते.

मागच्या डब्याचं गॅस्केट आता आवळण्यापलीकडे गेलंय. दिवाळीच्या सुमारास ऊन उतरलं की बदलायचं आहे. डबा चाळीस-पंचेचाळीस किलोचा. तो पूर्ण उतरवावा लागत नाही, पण एका अंगाने कलता धरून खालचा जुना स्पंज खरवडून काढायला दोन माणसं हवीत. मुलगा सुट्टीत येणार आहे. धरायचं काम त्याचा बाबा करेल. बोल्ट आवळायला मी मुलाला आत बसवणार आहे, कारण चारही कोपऱ्यांत सारखा दाब आला की नाही हे ज्याच्या हातात पाना असतो त्यालाच कळतं.