नुमाइशीतील चेहरे

छायाचित्रणाचा छंद आम्हांस जडला, त्याला आता आठ वर्षे होत आली. पहिली दोन वर्षे किल्ले, मशिदी आणि तलाव यांत गेली. पुढे लक्षात आले, की गोवळकोंड्याची भिंत आमच्यासाठी कितीही दिवस खोळंबून राहील. माणसाच्या चेहऱ्यावरील भाव मात्र पापणी लवते न लवते तोच निघून जातो. तेव्हापासून आम्ही माणसांच्या मागे लागलो. आणि हैदराबादेत माणसे पाहावयाची, तर नुमाइशीसारखे दुसरे ठिकाण नाही.

आमच्या विद्यार्थिमित्रांना नुमाइश ठाऊक आहे ती मिरचीभजी आणि आकाशपाळणा यांच्यामुळे. परंतु १९३८ साली उस्मानिया विद्यापीठाच्या पदवीधरांच्या पुढाकाराने बाग-ए-आममध्ये ती प्रथम भरली, तेव्हा संस्थानात तयार होणारा माल लोकांपुढे मांडावा असा तिचा साधा हेतू होता. १९४६ साली ती नांपल्लीच्या मैदानावर आली. आता जानेवारी उजाडला, की काश्मीरचे शालवाले, लखनौचे चिकनवाले, राजस्थानातील कारागीर दीड महिन्याचा संसार थाटून तेथे बसतात. अजंता दरवाजातून आत शिरावे आणि गर्दी नेईल तिकडे जावे. ध्वनिक्षेपकावरून हरवलेल्या मुलांची नावे पुकारली जात असतात, आणि प्रत्येक नावासरशी कुठली तरी आई दचकून आपल्या मुलाचा हात चाचपते. हा दचका आम्ही अनेकदा पाहिला. कॅमेऱ्यात मात्र तो एकदाही सापडला नाही.

माणसांची छायाचित्रे काढताना एक मोठी अडचण येते. परवानगी मागावी, तर समोरचा माणूस मान ताठ करतो, श्वास रोखतो आणि पाहता पाहता त्याच्या चेहऱ्याचे ओळखपत्र होते. म्हणून आम्ही न विचारता छायाचित्रे काढू लागलो. या कलेतील थोर फ्रेंच पुरुष आंरी कार्तिए-ब्रेसाँ आपल्या लहानशा लायका कॅमेऱ्याचे चकाकणारे भाग काळ्या पट्टीने झाकीत असे, ते लोकांच्या नजरेत येऊ नये म्हणूनच. आम्हीही तसेच केले. हाच गृहस्थ स्वतःचे छायाचित्र कोणी काढू लागले तर मात्र नाराज होई, ही गोष्ट आम्ही वाचली होती. पण तिच्यावर विचार केला नव्हता.

यंदा जानेवारीतल्या एका रात्री, दुकाने आवरण्याच्या सुमारास, लहान मुलांच्या आगगाडीच्या फलाटाशी आम्ही उभे होतो. सफाईच्या कामावरील एक बाई झाडू बाजूला ठेवून, पाय पसरून जेवावयास बसल्या होत्या. मागे सुक्या मेव्याच्या दुकानाचे झगझगीत दिवे आणि मांडीवर डब्यातील भात. त्यांनी पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. दिवसभराचा शीण आणि त्या घासाचे सुख, दोन्ही एकाच वेळी त्या चेहऱ्यावर उतरले. आम्ही कळ दाबली.

आवाजासरशी त्यांनी डोळे उघडले, उष्टा हात तोंडापुढे धरला आणि म्हणाल्या, “नक्को!”

दख्खनीतील हा शब्द आपल्या मराठीतूनच गेलेला. आमच्या घरी कोंकणीत त्याचे रूप ‘नाका’. म्हणजे आम्हांस तो तिन्ही अंगांनी कळतो. आणि तरीही आमचे बोट दुसऱ्यांदा कळीवर गेलेच होते. आम्हीच ओशाळलो. जवळ जाऊन कॅमेऱ्याच्या पाठीवरील काचेत त्यांना ते चित्र दाखविले. वाटले होते, की पाहून त्या हसतील. त्या हसल्या नाहीत. “ऐसा नक्को,” त्या म्हणाल्या, “ठैरो, मैं खडी होतूं.” त्यांनी हात धुतले, पदर सारखा केला, झाडू नजरेआड ठेवला आणि आकाशपाळण्याचे दिवे मागे येतील अशा बेताने त्या ताठ उभ्या राहिल्या. मान ताठ, श्वास रोखलेला. आम्ही ते छायाचित्र काढले. आधीचे त्यांच्यादेखत पुसून टाकले. उदारपणाने नव्हे, त्या पाहत होत्या म्हणून.

घरी परतताना आम्हांस राजा दीनदयाळ आठवले. सहावे निजाम महबूब अली खान यांच्या दरबारचे हे छायाचित्रकार. १८९२ साली त्यांनी याच शहरात जनानी स्टुडिओ उघडला. तेथे उंच भिंतींच्या आड केनी-लेव्हिक नावाच्या इंग्रज बाई पडदानशीन स्त्रियांची छायाचित्रे काढीत. बेगमेचा चेहरा परक्या पुरुषाच्या दृष्टीस पडू नये, यासाठी केवढा हा खटाटोप! त्याच दीनदयाळांच्या कारखान्याने पुढे औरंगाबादकडील दुष्काळी कामांचीही छायाचित्रे घेतली. तेथील आपल्या मराठवाड्याच्या खडी फोडणाऱ्या बायांना कोणी विचारले असेल, असे आम्हांस वाटत नाही. त्यांच्यासाठी भिंत कोण बांधणार? आमची काळी पट्टीही त्याच जातीची होती, हे आम्हांस उशिरा उमगले.

असो. या अंकासाठी छायाचित्रे निवडावयास बसलो, तेव्हा संपादक मंडळातील दहावीचा एक विद्यार्थी त्या बाईंचे चित्र पाहून म्हणाला, “हा तर अगदी फोटो काढून घेतल्यासारखा फोटो आहे!” तो म्हणाला ते खरेच होते. छायाचित्र म्हणून ते सामान्य आहे, आणि पुसलेले चित्र अजूनही आमच्या डोळ्यांपुढून हलत नाही. तरीही अंकात आम्ही हेच घातले आहे. तसे त्यांना विचारून.

पुढच्याच रविवारी मोठी प्रत करून आम्ही नांपल्लीस गेलो होतो. बाईंनी ती दिव्याखाली धरून पुष्कळ वेळ न्याहाळली, मग पिशवीत तळाशी सपाट ठेवली आणि मुलीला पाठवावयास आणखी एक प्रत मागितली. ती तयार होईपर्यंत शाळेच्या परीक्षा आल्या. आम्ही पुन्हा गेलो, तेव्हा फेब्रुवारीची पंधरा तारीख उलटून गेली होती आणि मैदानावर मजूर पत्रे उतरवीत होते. प्रत आमच्या मेजाच्या खणात आहे.