दिवाणामागची चिंगी

जुलैच्या पावसात सोसायटीच्या पार्किंगमधून चिंगी या कुत्र्याच्या पिल्लाला वर आणलं, तेव्हा ती जेमतेम 2 महिन्यांची होती. पहिल्याच दिवशी पायपुसणं, देवघरासमोरची फरशी, माझी चटई, सगळीकडे शू. मी ओरडत राहिले. तिसऱ्या दिवशी तर तिची मान धरून नाक त्या ओल्या फरशीला टेकवलं, कारण असंच शिकवतात असं ऐकलं होतं. ते आठवलं की आजही पोटात कालवतं.

मग फरशी कोरडी राहू लागली. मला वाटलं, शिकली. आठवड्याभरानं वास आला म्हणून दिवाण सरकवला, तर सगळं त्यामागे. माझ्यासमोर करायचं नाही, एवढंच ती शिकली होती.

डॉक्टरांनी समजावलं, या वयात पिल्लू दिवसा फार तर 2 तास शू धरून ठेवू शकतं; झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळल्यावर तर लगेच लागते. मागून केलेली शिक्षा त्याला कळतच नाही, माणसाची भीती तेवढी बसते. पार्व्हो या आजाराच्या लसी पूर्ण व्हायच्या होत्या, त्यामुळे रस्त्यावर नेणं बंद. मग गॅलरीत एका पसरट ट्रेमध्ये माती भरून हरळी लावली आणि तिच्याच शूनं भिजलेलं फडकं तिथं ठेवलं. घरातल्या जागा एन्झाइमवाल्या क्लीनरनं पुसल्या. फिनेलनं वास आपल्यापुरता झाकला जातो, कुत्र्याच्या नाकाला तो येतच राहतो.

रात्री 1 आणि 4 चा गजर लावायचे. आई म्हणाली, "अगं, तुझी दुपटी मी रात्रभर बदलायचे. तुला कधी मारलं का?"

अवघड होतं ते वेगळंच. ट्रेवर ठेवलं की चिंगी शेपूट पायांत घालून माझ्याकडे बघत राहायची आणि आत येऊन दिवाणाकडे पळायची. मी पाठ फिरवून उभी राहू लागले. बोलायचे नाही, वळायचे नाही. नवव्या रात्री, पाऊस थांबलेला असताना, मागे मातीवर बारीकसा आवाज आला. ती उठेपर्यंत मी हलले नाही. मग उकडलेल्या चिकनचा तुकडा तिच्यापुढे धरला. तिनं तो खाल्ला आणि माझी बोटं चाटली.

आता ती दीड वर्षाची आहे. मागच्या महिन्यात तिचं पोट बिघडलं. रात्री अडीच वाजता ती दिवाणामागे गेली नाही. माझ्या उशाशी आली आणि पंजानं मला उठवलं.