वीतभर वायर

सॉफ्टवेअरवाल्यांना एक वाईट सवय लागते. दोन गोष्टींमधलं अंतर हा आपल्याला प्रश्नच वाटत नाही. सर्व्हर हिंजवडीत असो नाहीतर सिंगापुरात, आपण एक पत्ता लिहितो आणि चहा प्यायला जातो. गाडीच्या बॉनेटखाली मात्र अंतर म्हणजे तांबं, आणि ते तांबं गरम होतं, ओलं होतं, घासतं आणि तुटतं.

तर मित्राची जिप्सी. नव्वदच्या दशकातली, कार्ब्युरेटरवाली. तिच्यात त्याने एस्टीमचं १६ व्हॉल्व्हचं १.३ लिटर एमपीएफआय इंजिन बसवून घेतलं. आरटीओची परवानगी, आरसीवर नवीन इंजिन नंबर, सगळं रीतसर. भानगड आहे ती वायरिंगची. एस्टीममध्ये इंजिन आडवं बसतं, जिप्सीत उभं. इंजिन नव्वद अंशांत फिरलं की त्याच्यावरचा प्रत्येक सेन्सर ईसीयूपासून वेगळ्याच अंतरावर जातो. काही वायरी हातभर उरतात, काही नेमक्या वीतभर कमी पडतात.

ज्या गॅरेजने इंजिन बसवलं, त्यांनी यावर सोपा उपाय काढला. कमी पडली तिथे वायर कापायची, हाताला लागेल तो तुकडा पिळून जोडायचा, वर काळी टेप. गाडी दोन महिने मस्त चालली. मग जुलैमध्ये ताम्हिणीत, धो धो पावसात, वळणावर इंजिन बंद. मागच्या सीटवर दोन पोरं, आणि मागून एस.टी. दहा मिनिटांनी गाडी काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा सुरू! ऑफिसात आपण याला ‘माझ्या मशीनवर चालतंय’ म्हणतो आणि हसतो. घाटात हसू येत नाही.

पुढचे तीन वीकेंड आम्ही दोघं त्याच्या पार्किंगमध्ये होतो. मल्टिमीटर, वायरिंग डायग्रामची झेरॉक्स आणि वहिनींचा चहा.

आधी वाटलं होतं की वायर लांब झाली की व्होल्टेज पडतं, तेच नडलं असेल. गणित केलं तर तसं काही नाही निघालं. ०.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीचा रोध मीटरमागे साधारण ०.०३५ ओहम. इंजेक्टरला एक अँपिअरच्या आसपास करंट लागतो, म्हणजे मीटरभर वायर वाढवली तरी बारातले ०.०३५ व्होल्ट गेले. कूलंटच्या तापमानाचा सेन्सर तर गार असताना हजारो ओहमचा असतो, त्याला एवढ्याने काय फरक पडणार?

पण अर्थिंगचं तसं नाही. वायर वाचवायला गॅरेजने सेन्सरची अर्थ आणि इंजेक्टर-कॉइलची अर्थ एकत्र करून एकाच बारीक वायरीवर आणली होती. पाच अँपिअर त्यातून परत जायला लागले की मीटरभरात ०.१७ व्होल्ट. ऐकायला किरकोळ. पण ऑक्सिजन सेन्सर बोलतोच मुळी ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये, आणि मिश्रण जाड की पातळ हे ईसीयू ०.४५ च्या अलीकडे-पलीकडे ठरवतो. तिथे ०.१७ म्हणजे शुद्ध अफवा. दोन्ही अर्थ वेगळ्या केल्या आणि जाड वायरीने थेट इंजिन ब्लॉकवर नेल्या.

याच ऑक्सिजन सेन्सरची आणखी एक गंमत. यातले बरेच सेन्सर तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा स्वतःच्या वायरींच्या आतून ओढतात. तिथे सोल्डर केलं की सेन्सरचा श्वास कोंडतो. म्हणून लांबी वाढवायची ती कनेक्टरच्या अलीकडे, हार्नेसच्या बाजूला. सेन्सरच्या शेपटीला हात लावायचा नाही.

आणि इंजिन कुठल्या कोनात आहे हे सांगणारा सेन्सर. त्याची वायर जाळीत गुंडाळलेली, शिल्डेड. गॅरेजने मधला तुकडा साधा घातला आणि तो इग्निशन कॉइलच्या वायरीला चिकटवून नेला. टेप सोडली तर आत पाणी, तांब्यावर हिरवा थर. ईसीयूला हा सिग्नल नीट आला नाही तर ठिणगी कधी द्यायची हेच कळत नाही. ताम्हिणीतला गुन्हेगार बहुतेक हाच. नवीन शिल्डेड वायर घातली आणि जाळी फक्त एका टोकाला, ईसीयूच्या बाजूला, अर्थ केली. दोन्ही टोकांना केली की जाळीतूनच करंट वाहू लागतो.

जॉइंट सगळे क्रिंप केले, वर आतून गोंद असलेली हीटश्रिंक स्लीव्ह. सोल्डरने वायर शेवटी ताठ होते आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच थरथरून तुटते, हे मला नाना पेठेतल्या एका वायरमन मामांनी दाखवलं. त्यांचाच सल्ला होता की भंगारातून दुसरा एस्टीमचा हार्नेस घे आणि त्यातले तुकडे वापर. रंग जुळतात ना! सगळी वाढ काळ्या वायरीने केलेली गाडी पुढच्या माणसाने कशी वाचायची?

मार्ग बदलताना एक्झॉस्टपासून लांब, फायरवॉलच्या भोकात रबरी ग्रोमेट, आणि भोकाच्या अलीकडे वायरींना खाली एक झोळ. पावसाचं पाणी त्या झोळावरून गळून जातं, वायरीवरून घरंगळत केबिनमध्ये शिरत नाही. इंजिन माउंटिंगवर हलतं, म्हणून इंजिन आणि बॉडीच्या मध्येही थोडी ढील. बॅटरीपासून निघणारी प्रत्येक वायर फ्यूजमधून. यावर मित्राशी थोडं वाजलं, पण मी हटलो नाही. फ्यूजच्या आधी घासून उघडी पडलेली वायर ही आगकाडी असते, आणि पेट्रोलचा पाइप तिथून फार लांब नसतो.

शेवटच्या रविवारी नवीन नकाशा काढला. वायरीचा रंग, कुठून कुठे, जॉइंट कुठे. लॅमिनेट करून ग्लोव्हबॉक्समध्ये ठेवलाय. मामांना दाखवला. त्यांनी चष्मा लावून पाच मिनिटं वाचला, दोन ठिकाणी पेनाने वायरीची जाडी लिहिली आणि त्याची एक झेरॉक्स स्वतःसाठी ठेवून घेतली.