कॅसेटच्या दोन्ही बाजू

गायकाची श्रोत्यांमध्ये वाटणी होते, हे मला प्रल्हाद शिंदे यांच्यामुळे कळलं. पहिली वाटणी आमच्याच घरात झाली होती. वडील मनमाडला रेल्वेच्या कारखान्यात होते. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर आजोबांनी देव्हाऱ्यातले टाक विहिरीत सोडले, भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब आले. बावीस प्रतिज्ञा वडिलांनी अक्षरशः पाळल्या. त्यामुळे शिंदेंचं विठ्ठलाचं गाणं लागलं की ते टेपचा आवाज कमी करत. बंद मात्र करत नसत, कारण गळा आपल्या माणसाचा होता. आजी मग पुढे सरकून बसायची.

आजीचं पंढरपूर अर्धवटच राहिलेलं. लहानपणी ती बापाबरोबर वारीला गेली होती, ती महाद्वारासमोरच्या चोखोबांच्या समाधीपर्यंतच. साने गुरुजींच्या उपोषणानंतर १९४७ मध्ये विठ्ठलाचं मंदिर दलितांना खुलं झालं, तोवर ती सासरी कामाच्या रगाड्यात होती. पुढे धर्मच बदलला. ज्या विठोबाला तिने कधी पाहिलं नाही, त्याच्या दर्शनाची गाणी ती ऐकत असे, आणि वडील ते चालू देत. त्या दोघांत यावर कधी वाद झालेला मला आठवत नाही. आवाजाच्या बटणावरच सगळी तडजोड झालेली होती.

वडिलांच्या वाट्याचे प्रल्हाद शिंदे निराळे. १४ एप्रिलच्या आंबेडकर जयंतीच्या आसपास वस्तीवस्तीत गायनपार्ट्यांचे कार्यक्रम रात्रभर चालत. हार्मोनियम, ढोलक, बेंजो, मागे टाळी धरणारा कोरस. सामना असला की स्टेजवर दोन पार्ट्या. एकीने सवाल टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच जवाब द्यायचा. श्रोते उठून पुढे जात, पेटीवर नोट ठेवत, आणि गाणारा कोरसच्या आडोशाला तेवढ्यात माइकवर पुकारून घेई : अमक्यांकडून पाच रुपये, जय भीम! कारखान्यात ज्यांची ओळख बिल्ल्याच्या नंबरावर होती, त्यांचं आडनावासकट नाव कर्ण्यातून गावभर जाई. पाच रुपये त्या काळी काही थोडे नव्हते, पण बायकाही त्याबद्दल घरी कुरकुर करत नसत.

या स्टेजवरची कितीतरी गाणी वामनदादा कर्डकांची. दादा आमच्याच नाशिक जिल्ह्यातले, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे. मोठेपणी अक्षरओळख झालेल्या या माणसाची गाणी वडिलांनी वहीत उतरवून ठेवली होती. प्रल्हाद शिंदेंसारख्या गायकांनी असं भीमगीत लोकांच्या ओठांवर नेलं. सभेला न जाणारी बाईही त्या गाण्यांतून महाडचं तळं आणि नागपूरची दीक्षा सांगू शकत असे.

हा आवाज इतका दूर का पोहोचला, याचं एक कारण झाडाला बांधलेल्या कर्ण्यात आहे. मंडपवाल्याकडे आहुजाचा ॲम्प्लिफायर असायचा. वीज गेली तरी तो बारा व्होल्टच्या बॅटरीवर चाले. पण कर्णा खर्ज गिळून टाकतो आणि मधले, वरचे स्वरच बाहेर फेकतो. माइकजवळ हळुवार गायलेलं सिनेमाचं गाणं त्यातून चिरकं होऊन येतं. कव्वालीच्या अंगाने गाणाऱ्या प्रल्हाद शिंदेंची पट्टी चढी, आवाज मोकळा आणि उच्चार सुटे. शेतापलीकडच्या माणसालाही शब्दन्‌शब्द कळे. शिकल्यासवरल्या घरांत भीमसेन जोशींची अभंगवाणी आणि गावच्या मंडपात प्रल्हाद शिंदे, अशी महाराष्ट्राने विठ्ठलाचीही वाटणी करून टाकली. पहिल्याला संगीत म्हणायचं, दुसऱ्याला भोंगा.

ऐंशीच्या दशकात कॅसेट स्वस्त झाली. एचएमव्हीची मक्तेदारी मोडली, टी-सीरिज आणि व्हीनस गल्लीबोळांत पोहोचल्या. प्रल्हाद शिंदेंचे चिरंजीव आनंद आणि मिलिंद याच लाटेवर आले. आनंद शिंदेंचा ‘नवीन पोपट’ लग्नाच्या वरातीत, ट्रकच्या केबिनमध्ये, रसवंतीवर सगळीकडे एकदमच वाजू लागला. वडिलांना ते अजिबात रुचलं नाही. ‘बापानं माणसं जागी केली, पोरगं पोपट उडवतंय,’ असं ते म्हणत, आणि वरातीत त्याच गाण्यावर पायाने ठेका धरत. माझ्या मते त्या पोपटानेही एक काम केलं. ज्या आळीत आमच्या पोरांनी पाय ठेवला तर लोकांच्या भुवया उंचावत, त्या आळीतल्या लग्नात शिंदेंच्या आवाजाशिवाय वरात हलेनाशी झाली.

एसटी स्टँडसमोर एक कॅसेटवाला होता. त्याच्या लाकडी फळीवर कॅसेट देवांप्रमाणे लावलेल्या नसत, गायकांप्रमाणे असत. ‘शिंदे’ लिहिलेल्या कप्प्यात गणपती, विठ्ठल, बाबासाहेब आणि पोपट एकाला एक खेटून उभे. अख्ख्या गावात प्रल्हाद शिंदेंची वाटणी न झालेली तेवढीच एक जागा. गिऱ्हाईक मात्र आपापलं निवडून निघून जाई.

शिकायला पुण्याला आलो, तेव्हा वाटणीची दुसरी बाजू दिसली. गणेशोत्सवात दिवसभर ‘तूच सुखकर्ता’ वाजायचं. हॉस्टेलमधल्या मित्रांना ते तोंडपाठ होतं. गायकाने भीमगीतंही गायली आहेत, हे कुणाच्या गावी नव्हतं. नंतर वाचनात आलं की ते गाणं लिहिणारे हरेंद्र जाधव पेशाने शिक्षक आणि भीमगीतांचे नाणावलेले कवी. म्हणजे महाराष्ट्राने गणपतीपुढे वर्षानुवर्षं लावलेलं हे गाणं आंबेडकरी कवीच्या लेखणीतलं आणि आंबेडकरी वस्त्यांच्या लाडक्या गायकाच्या गळ्यातलं. मी हे वडिलांना फोनवर सांगितलं. ते म्हणाले, ‘कलाकाराला पोट असतं, बाबा.’

हे उत्तर मला आजही अपुरं वाटतं. पोट होतंच, पार्टी घेऊन फिरणाऱ्याला बोलावणं येईल तिथे गावं लागतं. पण निव्वळ पोटासाठी गायलेलं आजीसारख्या बाईला जवळ ओढून बसवत नाही. ‘त्यांच्या’ देवाची गाणी आपण माफ करून टाकली, आणि ‘त्यांनी’ आपल्या बाबासाहेबांची गाणी ऐकलीच नाहीत. दोघांनी मिळून एका मोठ्या गायकाला अर्धंअर्धं वापरलं.

२००४ मध्ये वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे दोघेही गेले. पुढे नातवाची पिढी आली. आदर्श शिंदेंचं देवाला घातलेलं गाऱ्हाणं २०१३ च्या ‘दुनियादारी’ने मल्टिप्लेक्समध्ये नेलं, आदर्श-उत्कर्ष या भावांनी २०१९ मध्ये बाबासाहेबांवरच्या मालिकेचं शीर्षकगीत केलं, ते रोज सगळ्या जातींच्या दिवाणखान्यांत वाजलं. आजोबांना जे मंडपात साधलं नाही, ते नातवांना टीव्हीने मिळवून दिलं, असं म्हणायला हरकत नाही. माझी मुलगी दोन्ही गाणी मोबाइलवर एकापाठोपाठ ऐकते आणि तिला त्यात विसंगती दिसत नाही.

आमच्या सोसायटीत गणपती बसतो. मी वर्गणी देतो, आरतीला जात नाही. तरी यंदा साऊंडवाल्या पोराला मी एक चिठ्ठी दिली आणि गाण्याआधी माइकवर वाचायला सांगितलं : कवी हरेंद्र जाधव, गायक प्रल्हाद शिंदे. त्याने विचारलं, ‘काका, नावं कशाला? गाणं तर सगळ्यांना माहीत आहे.’ मी म्हटलं, ‘म्हणूनच.’