‘सत्या’चा खोडवा का साधला नाही?

खते, बियाणे आणि कीडरोग यांवर लिहिणाऱ्या माणसाने सिनेमावर का लिहावे, असे वाचकांपैकी कोणी विचारील. विचारणे रास्तच आहे. पण पूर्वी सिनेमा पाहायचा तर तालुक्याच्या गावी जावे लागे, नाहीतर जत्रेतल्या तंबूची वाट पाहावी लागे. आता तो मोबाईलमधून थेट बांधावर आला आहे. विहिरीवर मोटार चालू करून बसलेला पोरगा काय पाहतो, याची चौकशी घरातल्या मोठ्यांनी करायला नको काय? म्हणून हा लेखनप्रपंच.

1998 साली ‘सत्या’ नावाचा हिंदी चित्रपट निघाला. दिग्दर्शक राम गोपाल वर्मा. लेखन सौरभ शुक्ला आणि अनुराग कश्यप यांचे. मुंबईतल्या गुंडांच्या टोळीची ही कथा. सत्या नावाचा तरुण मुंबईत उतरतो. तो कोणत्या गावचा, कोणाचा कोण, हे चित्रपट सांगत नाही. बारमध्ये नोकरी धरतो, एका गुंडाशी बखेडा होतो आणि तुरुंगात जातो. तिथे भिकू म्हात्रेची गाठ पडते आणि बाहेर आल्यावर तो त्याच्या टोळीत सामील होतो. सत्याचे काम जे. डी. चक्रवर्तीने केले, भिकूचे मनोज बाजपेयीने. बाजपेयीला त्याबद्दल साहाय्यक अभिनेत्याचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

चित्रपटात मारामारी आहे, शिवीगाळ आहे. लहान मुलांना शेजारी बसवून पाहण्याजोगा तो नाही, हे आधीच सांगतो. तरी तो चांगला का म्हणायचा? कारण त्यात प्रत्येक गोळीचा हिशेब मांडलेला आहे. भिकू घरी जातो तेव्हा बायको त्याला फैलावर घेते. भांडण, रुसवा, पोराबाळांचा गलका, सगळे तुमच्याआमच्या घरातल्यासारखे. त्यामुळे हा माणूस मारला जातो तेव्हा एक घर उघडे पडते, हे पाहणाराला कळते. सिनेमागृहातला प्रसंग घ्या. पोलिसांनी दारे अडवलेली असतात. निसटण्यासाठी सत्या पिस्तूल झाडतो, लोक घाबरून पळतात आणि चेंगराचेंगरीत माणसे मरतात. ती कोणत्याच टोळीची नव्हती; तिकीट काढून करमणुकीला आलेली होती. शेवटी गणेश विसर्जनाच्या गर्दीत सत्या भिकूच्या मारेकऱ्याला मारतो आणि जखमी होऊन विद्याच्या दाराशी येतो. विद्या, म्हणजे उर्मिला मातोंडकर, ही त्याच्या शेजारची गाणारी मुलगी. तो कोण आहे हे तिला आता कळलेले असते. ती दार उघडत नाही. त्याच दाराशी पोलिसांच्या गोळीने तो संपतो. मुंबई मुठीत धरायला निघालेल्या माणसाला शेवटी एक दार उघडून मिळत नाही!

आपल्या खेड्यापाड्यांना ही गोष्ट परकी नाही. कोकणातल्या आणि घाटावरच्या कितीतरी घरांची चूल मुंबईच्या मनिऑर्डरीवर पेटत असे. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि अनेकांची नोकरी कायमची गेली. कितीएक कुटुंबे गावी परतली. जी तिथेच राहिली, त्यांच्यातली काही तरुण पोरे टोळ्यांच्या हाती लागली. बहुतेकांनी मात्र हमाली केली, भाजी विकली, पहारेकऱ्याचे काम धरले आणि इमानाने दिवस काढले. ‘सत्या’ गिरण्यांविषयी काही सांगत नाही. पण त्यातल्या चाळी, ते जिने आणि तो पाऊस आपल्या लोकांच्या ओळखीचा आहे.

पंधरा वर्षांनी, 2013 च्या नोव्हेंबरात, त्याच दिग्दर्शकाने ‘सत्या 2’ आणला. पहिला सत्या मेलेला, तेव्हा हा दुसराच तरुण. नाव तेवढे तेच. तोही बाहेरून मुंबईत येतो. एका बांधकामवाल्याच्या पदरी राहून त्याचा विश्वास मिळवतो आणि टोळीयुद्ध संपलेल्या मुंबईत नव्या तऱ्हेची, डोळ्यांना न दिसणारी टोळी उभारतो. कल्पना वाईट नव्हती. काळ बदलला होता, पैशाच्या वाटा बदलल्या होत्या; गुन्हेगारीही बदलणारच. तरी चित्रपट साफ पडला. मी तो पाहिला. पाहून उठलो तेव्हा भिकूसारखा एकही माणूस मनात राहिला नव्हता.

असे का झाले, याचे उत्तर मला एका खेड्यात मिळाले. गेल्या वळवाच्या पावसानंतर एका गावी हुमणीच्या बंदोबस्तासाठी प्रकाश सापळा लावून दाखवायचा होता. भुंगेरे कडुनिंबावर आणि बाभळीवर अंधार पडल्यावर येतात, म्हणून आम्ही पारावर थांबलो होतो. दोन-तीन तरुण मोबाईलवर काही पाहत होते. भिकू समुद्राकाठच्या खडकावर उभा राहून मुंबईचा राजा कोण, असे ओरडतो, तो तुकडा. बोलणे निघाले तेव्हा त्यांतला एक म्हणाला, “साहेब, मला तर दुसरा भाग आवडला. पहिला सत्या येडा होता, दोस्तासाठी मेला. दुसरा डोकं लावून काम करतो.”

मी म्हटले, “अरे, डोके लावतो ते कशासाठी?”

“पावर पाहिजे ना साहेब. त्याच्याशिवाय कोण विचारतं?”

पोरगा वाया गेलेला नव्हता. बारावी झालेला, ट्रॅक्टर उत्तम चालवणारा. पण वडिलांची दीड एकर जमीन रस्त्यात गेलेली. मोबदल्याचे पैसे बहिणीच्या लग्नात आणि गाडीत संपले होते आणि निवडणुकीत कोणा पुढाऱ्याच्या जीपमागे फिरण्यात त्याचे दिवस जात होते. त्याला ‘कोण विचारतं’ हे का वाटावे, ते मला कळत होते.

त्याची आजी शेजारी शेंगा निवडत बसली होती. ती म्हणाली, “आरं, त्या तुज्या हिरोला आय हाय का न्हाई? ती काय म्हनती?”

पोरगा हसला, पण त्याला उत्तर देता आले नाही. मलाही वाटले, टीकाकारांनी रकानेच्या रकाने लिहिले असतील, पण म्हातारीने एका प्रश्नात दुसऱ्या भागाचे मर्म सांगितले. पहिल्या सत्यालाही आई दाखवलेली नाही. पण त्याच्या भोवती भिकूची बायको आहे, विद्या आहे, कल्लूमामा आहे. त्याने काही केले की कोणाच्या तरी तोंडावर ते उमटते. दुसऱ्या सत्याच्या डोक्यात बेत पुष्कळ आहेत. त्या बेतांची किंमत कोणाच्या घराने मोजली, हे मात्र आपल्या काळजाला भिडेल असे दिसत नाही.

ऊसवाल्या बंधूंना हे खोडव्यावरून चटकन पटेल. खोडव्याला बेणे विकत घ्यावे लागत नाही, नांगरट नाही, लागणीची मजुरी नाही. बुडखा आयता मिळतो. म्हणूनच पुष्कळजण त्याला फुकटचे पीक समजतात. बुडखे जमिनीलगत छाटत नाहीत, पाचट पेटवून देतात, बगला फोडत नाहीत, नांग्या भरत नाहीत. मग उतारा घसरला की म्हणतात, खोडव्यात काही राम नाही! ज्यांनी पाचट जमिनीत कुजवले, वेळेवर खत दिले, नांग्या भरल्या, त्यांचा खोडवा लागणीच्या तोडीस उतरलेला मी पाहिला आहे. चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचे असेच आहे. नाव आयते मिळते, जाहिरातीचे अर्धे काम झालेले असते. पण पहिल्या भागात जी माणसे मेली, त्यांच्या जागी नांग्या पडलेल्या असतात. तिथे तितक्याच कसाची जिवंत माणसे लावावी लागतात. ‘सत्या 2’मध्ये नाव लावले, नांग्या तशाच राहिल्या.

दुसरा भाग सरस उतरू शकतो, याचा दाखला अमेरिकेत आहे. ‘द गॉडफादर’ 1972 साली आला आणि त्याचा दुसरा भाग 1974 साली. दोन्हींना सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. दुसऱ्या भागाला हा मान मिळण्याची ती पहिलीच वेळ. दिग्दर्शक फ्रान्सिस फोर्ड कोपोला यांनी त्यात बाप आणि मुलगा यांची गोष्ट शेजारी शेजारी ठेवली. बाप सिसिली बेटावरच्या खेड्यातला. तिथल्या दांडग्याने त्याचे घर मारले म्हणून नऊ वर्षांचे ते पोर एकटे अमेरिकेला पळाले. पुढे त्याने जे केले ते कुटुंब जगवण्यासाठी, असे तो समजत होता. मुलाच्या हाती बापाहून मोठी सत्ता आली. पण बायको सोडून गेली, सख्खा भाऊ त्याने स्वतःच मारवला आणि शेवटी तो एकटा बसून राहिला. पहिल्या भागातला हिशेब इथे मुळापर्यंत उकरला आहे. म्हणून तो पीक देऊन गेला.

लांब कशाला जा? राम गोपाल वर्मांनीच 2002 साली ‘कंपनी’ काढला. त्यावर ‘सत्या’चे नाव नव्हते, पण ‘सत्या’चा खरा वारस मी त्यालाच मानतो. परदेशात बसून चालवलेला गुन्ह्याचा धंदा, त्यात फुटलेली दोघांची दोस्ती आणि चंदूची आई, जिचे काम सीमा विश्वास यांनी केले. म्हातारीच्या प्रश्नाचे उत्तर त्यात होते. वारसा सातबाऱ्यावरच्या नावाने मिळतो. जमीन पिकते ती कसणाराच्या हाताने.

2025 च्या जानेवारीत ‘सत्या’ पुन्हा चित्रपटगृहांत लागला. इतक्या वर्षांनी तो पाहून दिग्दर्शकाच्या डोळ्यांत पाणी आले. यशाची नशा आपल्याला चढली आणि पुढचे चित्रपट हाती घेताना ‘सत्या’ची मोजपट्टी लावायला हवी होती ती लावली नाही, असे त्यांनी स्वतः जाहीर लिहिले. एवढे मोकळेपणाने सांगायलाही धाडस लागते.

तेव्हा दुसरा भाग पहिल्याच्या तोडीचा आहे काय? ‘सत्या’पुरते माझे उत्तर ‘नाही’ असे आहे. पोरांनी असले चित्रपट पाहूच नयेत, असे मी म्हणणार नाही. म्हटले तरी ती पाहणारच. पण ती पाहत असतील तेव्हा घरातल्या मोठ्या माणसाने घटकाभर शेजारी बसावे आणि शेवटी एवढेच विचारावे, की पडद्यावर जो माणूस मेला त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी चूल कोणी पेटवली? ज्या चित्रपटाला याचे उत्तर देता येते तो पाहण्याजोगा, मग तो पहिला भाग असो की दुसरा. आणि ज्या पोराला हा प्रश्न सुचतो, त्याला कोणाच्या जीपमागे धावण्याची गरज पडत नाही.