बसतं म्हणजे चालतं?

मराठी विभागासाठी लेख मागितला तेव्हा मी काही लगेच हात वर केला नाही. शाळा पूर्ण कॉन्व्हेंटमध्ये, त्यामुळे माझं मराठी घरचं आणि रिक्षावाल्यांशी बोलायचं. 'एकोणसत्तर म्हणजे किती रे?' असं विचारून रूमवर अजून मला छळतात. तरी लिहितोय, कारण जे घडलं ते मराठीतच घडलं... काकूंच्या स्वयंपाकघरात, जेवताना.

माझे काका अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात असतात. मागच्या वर्षी सेमिस्टर संपल्यावर मी त्यांच्याकडे गेलो होतो. तिकडे नोव्हेंबरअखेर हरणांच्या शिकारीचा सीझन सुरू होतो. आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव कायद्यापासून शिकार बंदच झाल्यासारखी. तिथे मात्र लायसन्स काढून, भडक नारिंगी जाकीट घालून लोक निघतात, जसे आपण सिंहगडावर निघतो.

काकांनी पहिल्यांदाच एक जुनी लष्करी रायफल विकत घेतली होती. कारण शिकार कमी आणि आजोबा जास्त! आजोबा पोलिसात हवालदार होते. थ्री-नॉट-थ्री खांद्याला लावलेला त्यांचा फोटो गावच्या घरात आहे. ही रायफल हुबेहूब तशीच दिसायची. पण बाजूला कोरलं होतं – 7.62 एमएम, 2ए1, 1967, आर.एफ.आय. म्हणजे रायफल फॅक्टरी, इशापूर. आपल्या पश्चिम बंगालमधली! 1962 च्या चीन युद्धानंतर तिथे जुन्या ली-एनफिल्डचंच डिझाइन सुधारित पोलादात आणि नाटोच्या 7.62 काडतुसासाठी बनवलं गेलं. रूप थ्री-नॉट-थ्रीचं, पण थ्री-नॉट-थ्रीचं काडतूस तिला चालत नाही.

मग कुठलं चालतं? इथेच घोळ झाला.

काकांनी .308 विंचेस्टरचा खोका आणला होता. हे शिकारीचं काडतूस 1952 मध्ये बाजारात आलं, आणि 1954 मध्ये नाटोने जे 7.62 स्वीकारलं ते जवळजवळ त्याचं जुळं भावंड. "सरळ लष्करी काडतूसच का नाही आणलंत?" मी विचारलं. तर त्याची गोळी पूर्ण तांब्याच्या आवरणाची असते, ती आरपार जाते आणि जखमी जनावर रानात तडफडत फिरतं. म्हणून बऱ्याच राज्यांत हरणासाठी आदळल्यावर फुलणारी, मऊ टोकाची गोळीच लागते. गंमत बघा, अशीच गोळी कलकत्त्याजवळच्या दमदमला बनली होती, आणि 1899 मध्ये हेगला तिच्यावर युद्धात बंदी आली. युद्धात जी क्रूर, तीच शिकारीत दयाळू!

"बसतंय व्यवस्थित," काका म्हणाले. "उद्या रेंजवर जाऊन येऊ."

मी पडलो मेकॅनिकलवाला. लॅपटॉप उघडला आणि पाच मिनिटांत निकाल दिला. 7.62 चं चेंबर प्रेशर 50,000, .308 चं 62,000 पाउंड प्रति चौरस इंच. "काका, 24 टक्के जास्त! शिवाय ली-एनफिल्डच्या बोल्टचे कान मागच्या बाजूला अडकतात, त्यामुळे अख्खा बोल्ट दाबला जातो. आणि तो तुमच्या डोळ्यापासून चार बोटांवर असतो. तुम्ही उडवू नका."

काका चिडले. "सगळे वापरतात. तू अजून इंजिनिअर व्हायचा आहेस."

"आधी जेवा दोघं," काकू म्हणाल्या.

रात्री जेटलॅगमुळे झोप नव्हती. पुढे वाचत बसलो आणि पोटात गोळा आला. तो 50,000 चा आकडा जुन्या पद्धतीने मोजलेला होता. त्या पद्धतीत तांब्याचा छोटा सिलिंडर दाबला जातो आणि तो किती चेपला यावरून प्रेशर काढतात. 62,000 चा आकडा पीझो सेन्सरचा. एककंच वेगळी! तांब्याच्या पद्धतीने .308 चा आकडा येतो 52,000. म्हणजे फरक 24 टक्के नाही, 4 टक्के. आणि युनिट न लिहिल्याबद्दल मी व्हायव्हात किती वेळा बोलणी खाल्ली होती, ते आठवलं.

पण वाचताना दुसरी गोष्ट सापडली. लष्करी चेंबर काही हजारांश इंच लांब ठेवलेलं असतं, आणि लष्करी काडतुसाचं पितळ साधारणपणे जाड असतं. शिकारीच्या काडतुसाचं पितळ पातळ. चेंबर झिजून आणखी सैल झालं असेल तर उडताना पितळ ताणलं जातं आणि बुडाजवळ फाटू शकतं. मग तापलेला वायू मागे येतो. म्हणजे काळजीचं कारण होतं, फक्त मी सांगितलेलं नव्हतं.

आता पंचाईत अशी, की माझा आकडा चुकला हे सांगितलं तर काका हसतील आणि सरळ रेंजवर जातील. न सांगावं? पहाटेपर्यंत हेच डोक्यात. शेवटी चहाच्या वेळी दोन्ही सांगून टाकलं. "काका, काल मी चुकलो. पण तरी उडवू नका, आधी चेंबर मोजून घेऊ."

काकांनी कप खाली ठेवला. "चुकलो म्हणालास म्हणून ऐकतो," एवढंच बोलले.

गावातल्या बंदूक दुरुस्त करणाऱ्या म्हाताऱ्याने काडतुसाच्या आकाराचे पोलादी गेज काढले. एकावर बोल्ट बंद झाला पाहिजे, दुसऱ्यावर होता कामा नये. आम्ही श्वास धरून बघत होतो. दुसऱ्यावर नाही झाला! मग त्याने नळी, बोल्ट सगळं तपासलं. सल्ला दिला तो असा: जड गोळीची, जोरदार काडतुसं नकोत. 150 ग्रेनची मऊ टोकाची, सौम्य भरलेली घ्या. आणि उडवलेलं प्रत्येक पितळ बघा. बुडाजवळ चकचकीत कडं दिसलं की थांबा.

काकांना हरीण काही मिळालं नाही. पण रेंजवर ते प्रत्येक रिकामं पितळ चष्मा वर करून उजेडात धरत होते, आजोबा पंचांग बघायचे तसे. निघताना एक मला आठवण म्हणून देत होते. "एअरपोर्टवर अडकेल पोरगा!" म्हणून काकूंनी ते काढून घेतलं.

परत आलो तर रूम पार्टनरने हीटरच्या कॉइलच्या दोन उघड्या वायरी सॉकेटमध्ये काडेपेटीच्या काड्यांनी ठोकून बसवलेल्या.

"अरे, बसतंय ना?" तो म्हणाला.

मी आधी मेन स्विच बंद केला, मग बोललो.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी