निघोजचे रांजणखळगे आणि आमची विहीर

मंडळी, दिवाळीनंतर इथे काही लिहिलंच नाही. दोघातिघांचे फोन आले, "बऱ्या आहात ना?" म्हणून. बरी आहे. गुडघे सोडले तर तक्रार नाही. संक्रांतीनंतर निघोजला जाऊन आले, त्याबद्दल लिहायचं होतं, पण रोज काही ना काही निघत गेलं.

निघोज हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यातल्या पारनेर तालुक्यात, कुकडी नदीच्या काठी. पलीकडच्या काठावर पुणे जिल्ह्यातलं टाकळी हाजी. मधल्या पात्रात काळ्या कातळाला पाण्याने रांजणासारखे खळगे पाडलेत. भूगोलाच्या पुस्तकात नदीच्या कार्याचा धडा असतो, त्यात घळई, धबधबा यांच्या बरोबरीने रांजणखळगे येतात. मी तो धडा तीस वर्षं शिकवला. फळ्यावर आकृती काढायचे ती आमच्या आईच्या स्वयंपाकघरातल्या रांजणाची! तोंड अरुंद, पोट सुटलेलं, आत दोनचार गोटे. मुलं वहीत उतरवून घ्यायची आणि परीक्षेत दोन गुण मिळवायची. प्रत्यक्ष जाण्याचा योग काही आला नाही. शाळा, मग यांचं आजारपण, मग माझं ऑपरेशन. असो.

या वर्षी जायचं कारण वेगळंच झालं. सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या भूम-परांडा भागात जो पाऊस झाला तो तुम्ही बातम्यांत पाहिलाच असेल. आमच्या ईटच्या शेताशेजारचा ओढा फुटला आणि दादांची विहीर गाळाने निम्म्याच्या वर भरली. दादा म्हणजे माझे वडील. शेत आता भाच्याकडे आहे. तो म्हणाला, "आत्या, उरलेली बुजवून टाकतो. पाणी तरी कुठं राहतंय तिच्यात? जेसीबीवाल्याला सांगितलंय." त्याचं हिशोबाने बरोबरच होतं. उन्हाळ्यात ती विहीर आटतेच. पण मला दोन रात्री झोप आली नाही.

ती विहीर १९७२ च्या दुष्काळात खोदलेली आहे. दिवसा घरातली सगळी मोठी माणसं सरकारी कामावर खडी फोडायला, आणि संध्याकाळी दादा, काका नि आई विहिरीवर. मी तेव्हा बी.ए. करत होते. सुट्टीत आले की मीही खडीवर बसायचे. डोळ्यांत कच जाऊ नये म्हणून पदर कपाळावरून खाली ओढून घेत असू. वरची काळी माती दोन हात, मग मुरूम, मग मांजऱ्या. मांजऱ्या म्हणजे तो सच्छिद्र, पांढऱ्या ठिपक्यांचा खडक. तिथपर्यंत पहार चालली. मग लागला काळा पाषाण. घण मारला की उलटा उसळायचा, दादांच्या मनगटापर्यंत झिणझिण्या यायच्या. सुरुंग लावले तर एवढीशी कपची निघायची. आई टोपलीने दगड वर काढायची. तो ढीग अजून बांधावर आहे. जवळजवळ चाळीस फुटांवर एका बाजूने ओल दिसली. भरपूर पाणी कधीच लागलं नाही, पण ज्वारी आणि दोन म्हशी त्यावर निघाल्या.

तर मी भाच्याला म्हटलं, बुजव हवं तर, त्याआधी मला एकदा निघोजला घेऊन चल. तो म्हणाला, "खड्डेच बघायचे तर आपल्या रस्त्यावर काय कमी आहेत का?" पण गाडी काढली.

सकाळी सहाला निघालो. खर्डा मागे पडलं. १७९५ ची निजाम-मराठ्यांची लढाई झाली ते हेच खर्डा, किल्ला रस्त्यावरून दिसतो. जामखेड, आष्टी, कडा करत अहिल्यानगर, मग पुणे रस्त्याने सुपे आणि आत वळून पारनेर. वाटेत चहा झाला, भाच्याच्या बायकोने दिलेल्या तिळाच्या पोळ्या झाल्या. पारनेरच्या पुढे बराचसा माळ. पिवळं पडलेलं गवत, बोरीबाभळी, मधेच कुणाची तरी ज्वारी निसवलेली. आपल्याकडच्यासारखंच सगळं. आणि हीच त्या जागेची गंमत आहे. लांबून काही म्हणजे काही दिसत नाही. डोंगर नाही, कडा नाही. भाचा विचारत होता, "आत्या, नक्की इथंच ना?" मळगंगा देवीच्या देवळापाशी गाडी लावली, चार पावलं पुढे गेलो आणि जमीन एकदम उघडली.

काय सांगू? काळाभोर कातळ, आणि तो दगड असून मऊ दिसतो. कणीक मळून बोटांनी खोलगे पाडावेत तसा. लहान खळगे वाटीएवढे, मोठ्यांत बैल उभा राहील. काही गोल, काही लांबट, काही दोन-तीन एकमेकांत फुटून एक झालेले. त्यांच्या मधे राहिलेल्या भिंती इतक्या पातळ, की वाटतं हात लावला तर हलतील. हात लावला. गार आणि गुळगुळीत, तेल पाजलेल्या पाट्यासारख्या. खालच्या घळीत हिरवं पाणी संथ पडलेलं होतं. आमच्या आईचा रांजण मात्र कुठे सापडेना. माझ्या फळ्यावरच्या आकृतीसारखा नीटस खळगा शोधून शोधून एकच मिळाला, तोही अर्धा फुटलेला!

हे होतं कसं, ते थोडक्यात सांगते (बाईंची सवय, जात नाही). कुकडी उगम पावते सह्याद्रीत, जुन्नर तालुक्यात नाणेघाटाच्या बाजूला. पावसाळ्यात पाणी जोरात येतं, सोबत गोटे आणि वाळू आणतं. कातळात कुठे भेग असेल, खोलगट जागा असेल, तिथे पाण्याचा भोवरा होतो आणि एखादा गोटा त्यात अडकतो. मग तो तिथेच गरगर फिरत राहतो, जात्याच्या वरच्या तळीसारखा. खळगा खोल होतो, गोटाही झिजतो, संपतो, पुढच्या पुरात दुसरा येतो. शेजारचे दोन खळगे वाढत वाढत एकमेकांना भिडले की मधली भिंत पडते आणि नदीचं पात्रच खोल होतं. हा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. दख्खनचं सगळं पठार त्याचंच, ईटही त्यावरच बसलंय. दक्षिण आफ्रिकेत ब्लाइड आणि ट्रूर या नद्यांच्या संगमावर असेच मोठे रांजणखळगे आहेत, बोर्क्स लक पॉटहोल्स म्हणतात. आमच्या एका भाचीने तिथले फोटो पाठवले होते. तिथे कठडे, पायवाटा, पूल सगळं नेटकं. मला आपलं निघोज जास्त आवडलं, कारण इथे दगडाला हात लावता येतो. पण जपून हं. ओल्या कातळावर पाय घसरतो आणि घळ खोल आहे. पुलावरही गर्दी असेल तर थांबावं. जून २०२५ मध्ये कुंडमळ्याला इंद्रायणीवरचा जुना पूल माणसांसकट कोसळला, ते विसरायला नको.

देवळाबाहेर नारळ विकणाऱ्या बाई म्हणाल्या, "बाजांच्या दोऱ्या एकाला एक बांधून सोडल्या तरी तळ लागत नाही, देवीचं कुंड आहे ते." मी मान डोलावली. त्यांनी मला बसायला स्वतःचं पोतं दिलं होतं, तिथे धडा कुठे शिकवायचा?

मी बसले आणि भाचा खाली उतरला. बराच वेळ वर येईना म्हणून हाक मारली, तर म्हणाला, "आत्या, इकडं ये, हळूच ये." कसाबसा त्याचा हात धरून दहाबारा पावलं उतरले. घळीच्या भिंतीत कातळाचे थर दिसत होते. वर एकजीव काळा, त्याखाली वीतभर तांबूस, ठिसूळ पट्टा, त्याखाली मांजऱ्या, पुन्हा काळा. एकावर एक लाव्हा पसरत गेला त्याच्या या घड्या. त्या तांबूस पट्ट्याखाली ओल होती. बोटाला लागेल एवढीच, पण जानेवारीत होती.

"आपल्या विहिरीत असंच आहे ना? पूर्वेच्या बाजूला?" त्याने विचारलं. लहानपणी तो त्या विहिरीत पोहायला शिकला, त्याच्या बरोबर लक्षात होतं. म्हटलं, हो, दादांना ओल तिथेच लागली होती. एकजीव काळ्या खडकात पाणी फारसं राहत नाही. ते भेगांत, मांजऱ्यात आणि दोन थरांच्या सांध्यात असतं. हे मी शाळेत शिकवलेलं नाही, पुस्तकात नव्हतं. विहिरी खोदणाऱ्या वडारी बांधवांना मात्र ते दगड पाहून कळायचं. दादा त्यांनाच विचारायचे.

तो काही बोलला नाही. तळातला एक गोटा उचलून घ्यायला लागला तर मी ठेवायला लावला. त्याचं काम अजून व्हायचंय.

परतताना जामखेडच्या पुढे अंधार पडला. गाडी चालवता चालवता तो म्हणाला, "आत्या, जेसीबी नको. आधी गाळ काढून बघू. मग त्या सांध्यात आडवं बोअर मारायचं का?" बोअर म्हटलं की मला धडकी भरते. आमच्या शिवारात चार उभी बोअर कोरडी गेलीत आणि त्यांचं कर्ज अजून फिटलेलं नाही. पण आडवं बोअर विहिरीतूनच घेतात, खर्च कमी म्हणे. वाचणाऱ्यांपैकी कुणी काळ्या खडकातल्या जुन्या विहिरीत असं करून पाहिलं असेल, तर किती फूट गेलात, किती पैसे लागले आणि पाणी मार्चनंतर टिकलं का, तेवढं कळवा. गाळ काढायला क्रेन फेब्रुवारीअखेर मिळेल असं दिसतंय.